पाचारण आणि परदेश : उचिमुरा कान्झो यांच्या आत्मकथनाची समीक्षा

१. प्रस्तावना

परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज करताना ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ नावाचे एक-दोन पानांचे निवेदन लिहावे लागते. आपल्याला पुढे काय करायचे आहे, का करायचे आहे आणि त्यासाठी हेच विद्यापीठ का हवे, हे त्यात निःशंकपणे मांडायचे असते. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. दरवर्षी अशी निवेदने माझ्या टेबलावर येतात. बहुतेकांची भाषा ठाम असते. मात्र निवेदन लिहिणाऱ्या मुलाशी चहा घेताना दहा मिनिटे बोलले, की हा ठामपणा अर्जापुरताच आहे हे लक्षात येते. आयुष्याचे प्रयोजन विमानात बसण्याआधीच ठाऊक असावे, अशी आपली अपेक्षा असते. निदान तसे दाखवावे तरी लागते.

या पाठात आपण एका जपानी विद्यार्थ्याचे आत्मकथन पाहणार आहोत. उचिमुरा कान्झो (१८६१–१९३०) हे १८८४ मध्ये अमेरिकेला गेले आणि १८८८ मध्ये परतले. आपल्याला देवाने नेमके कशासाठी बोलावले आहे, हा प्रश्न त्यांनी तिथे साडेतीन वर्षे सोडला नाही. मराठी ख्रिस्ती बोलीत यासाठी ‘पाचारण’ असा शब्द आहे. पाचारणे म्हणजे बोलावणे. निवड आपण करतो. पाचारणात बोलावणारा दुसराच कोणी असतो आणि आपण फक्त ‘ओ’ द्यायची असते. या दोन कल्पनांमधील फरक ध्यानात ठेवल्यास पुढचे विवेचन सोपे जाईल.

उचिमुरांचे ‘हाऊ आय बिकेम अ ख्रिश्चन’ हे पुस्तक सहसा दोन प्रकारे वाचले जाते. काहींना ते धर्मांतराची साक्ष वाटते, तर काहींना पाश्चात्त्यांच्या ढोंगीपणावर आशियाई माणसाने केलेली टीका. दोन्ही वाचनांना पुस्तकात आधार आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. माझ्या मते या पुस्तकाचे खरे मोल असे : विश्वास, व्यवसाय आणि पाचारण या तीन गोष्टी आपण एकत्र बांधून टाकतो. त्या एकेक करून कशा सुट्या होत जातात, हे पुस्तक तारीखवार दाखवते. वाचक कोणत्याही धर्माचा असो किंवा कोणताही धर्म न मानणारा असो, हे सुटे होणे त्याच्याही उपयोगाचे आहे.

२. लेखक आणि ग्रंथ

उचिमुरांचा जन्म सामुराई घराण्यात झाला. १८७७ मध्ये ते होक्काइदो बेटावरील साप्पोरो कृषी महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय १८७६ मध्ये सुरू झाले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स कृषी महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम क्लार्क तिथे जेमतेम आठ महिने राहिले. तेवढ्यात त्यांनी पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांकडून ख्रिस्तावरील विश्वासाचे एक प्रतिज्ञापत्र लिहून घेतले. उचिमुरा दुसऱ्या तुकडीचे. ते पोहोचले तेव्हा क्लार्क परत गेले होते, मात्र प्रतिज्ञापत्र आणि त्यावर सह्या मिळवण्यास उत्सुक असलेले वरच्या वर्गातील विद्यार्थी वसतिगृहात होतेच.

१८७८ च्या जून महिन्यात उचिमुरा आणि त्यांच्या सोबत्यांचा बाप्तिस्मा झाला. या सात जणांत पुढे राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झालेले नितोबे इनाझो होते, वनस्पतिशास्त्रज्ञ मियाबे किंगो होते आणि स्थापत्य अभियंता हिरोई इसामी होते. हिरोईंकडे आपण शेवटी परत येऊ.

पदवीनंतर उचिमुरांनी शासनाच्या मत्स्य विभागात काम केले. १८८४ च्या नोव्हेंबरमध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातील एल्विन येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या संस्थेत नोकरी, मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट महाविद्यालयात शिक्षण, १८८७ मध्ये तिथून पदवी, त्यानंतर काही महिने हार्टफर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात आणि १८८८ च्या मे महिन्यात मायदेशी, असा त्यांचा प्रवास आहे.

पुस्तक मूळ इंग्रजीत असून ते १८९५ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत त्याची आवृत्ती निघाली, ती मात्र ‘एका जपानी धर्मांतरिताची रोजनिशी’ अशा अर्थाच्या वेगळ्या नावाने. १९०४ मध्ये त्याचे जर्मन भाषांतर झाले.

३. ‘का’ ऐवजी ‘कसा’

पुस्तकाच्या आरंभीच लेखक स्पष्ट करतो की आपण ख्रिस्ती कसे झालो हे तो सांगणार आहे, का झालो हे नाही. जीवशास्त्राचा विद्यार्थी जसा प्राण्याच्या वाढीचे टप्पे नोंदवतो तसे त्याला स्वतःच्या मनाकडे पाहायचे आहे. रोजनिशीला तो जहाजावरच्या लॉगबुकची उपमा देतो. लॉगबुकात वारा, वेग आणि दिशा त्या त्या दिवशी लिहिली जाते. जहाज बंदराला लागल्यावर मागच्या नोंदी बदलता येत नाहीत.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा लगेच कळावा. प्रयोगशाळेत आपण कच्च्या कागदावर रीडिंग घेतो आणि नंतर जर्नल सुबक अक्षरात उतरवून काढतो. निष्कर्ष आधी ठाऊक असला, की जर्नल लिहिताना एखादे नको असलेले रीडिंग हळूच ‘दुरुस्त’ करण्याचा मोह होतो. बहुतेक आत्मचरित्रे सुबक जर्नलसारखी असतात : लेखकाला शेवट माहीत असतो आणि सारे प्रसंग त्या शेवटाच्या दिशेने सरळ रेषेत चालू लागतात. उचिमुरांच्या पुस्तकात मात्र आधी त्या दिवशीची त्रोटक नोंद येते, मग कित्येक वर्षांनी लिहिलेले भाष्य येते. दोन्ही शेजारी ठेवलेली असल्याने वाचकाला ती ताडून पाहता येतात. या रचनेमुळेच पुस्तक आजही विश्वासार्ह वाटते.

याचे एक उदाहरण साप्पोरोच्या प्रकरणात आहे. नवा धर्म रोखावा म्हणून उचिमुरांनी आधी गावच्या देवळात जाऊन प्रार्थना केली. नंतर वरच्या वर्गातील मुलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही आणि त्यांनी सही केली. प्रकाश पडल्याचा किंवा साक्षात्काराचा प्रसंग तिथे नाही, आहे तो वसतिगृहातला दबाव. पण त्याच ओघात ते सांगतात, की अनेक देवांना वेगवेगळे संतुष्ट ठेवण्याची लहानपणापासूनची धास्ती एका देवाच्या कल्पनेने संपली आणि मन अभ्यासाकडे वळले. जबरदस्ती आणि सुटका ही दोन्ही रीडिंग त्यांनी तशीच ठेवली आहेत. अमेरिकेतील आवृत्तीच्या नावात ‘कसा’ हा शब्द गळला आणि ‘धर्मांतरित’ हा शब्द आला, तेव्हा पुस्तकाचा हाच गुण झाकला गेला असे मला वाटते.

४. पवित्र भूमीचा भ्रमनिरास

परदेशाविषयी प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात एक चित्र असते. उचिमुरांच्या मनातली अमेरिका म्हणजे प्यूरिटन संतांची भूमी होती : रस्तोरस्ती स्तोत्रे, घरोघरी प्रार्थना. प्रत्यक्षात उतरल्यावर देवाचे नाव सर्वांत जास्त ऐकू आले ते शिव्यांमध्ये. घरांना, कपाटांना, पेट्यांना सगळीकडे कुलपे होती. मूळ अमेरिकन रहिवासी आणि कृष्णवर्णीय यांच्याशी होणारे वर्तन त्यांना धक्कादायक वाटले. चिनी मजुरांवर अमेरिकेने १८८२ मध्येच कायद्याने प्रवेशबंदी घातली होती. चेहऱ्यामुळे लोक आपल्यालाही चिनी समजतात आणि तसेच वागवतात, हा अनुभव उचिमुरांनाही आला.

हा भाग वाचायला चटकदार आहे आणि बहुतेक ठिकाणी हाच उद्धृत होतो. तरीही मला तो पुस्तकाचा सर्वोत्तम भाग वाटत नाही. ‘तुमचा धर्म चांगला, पण तुम्ही वाईट’ अशी टीका त्या काळात इतरांनीही केली होती. उचिमुरांचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. अमेरिकेचे चित्र भंगल्यावर विश्वासही भंगायला हवा होता, कारण दोन्ही एकमेकांत गुंतलेले होते. ते परतीचे जहाज पकडू शकले असते किंवा डोळे मिटून घेऊ शकले असते. त्यांनी दोन्हींची गाठ सोडवली. ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ती म्हणवणारे देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात पूर्ण उलगडतो. तिथे ते हेही मान्य करतात, की ज्या समाजात वाईट इतके मोठे आहे, त्याच समाजातले चांगलेही तितकेच मोठे आहे. रागाच्या भरात सुरू झालेला विचार न्यायापर्यंत पोहोचतो, हे लक्षात घ्या.

५. एल्विन : सेवा पुरेशी का ठरली नाही

१८८५ च्या पूर्वार्धात उचिमुरा एल्विनच्या संस्थेत मदतनीस होते. संस्थेचे प्रमुख डॉ. आयझॅक कर्लिन यांनी त्यांना काम दिले. शासनात अधिकारी राहिलेला, सामुराई घरातला, विज्ञान शिकलेला तरुण इथे मुलांची रोजची देखभाल करत होता.

ते तिथे का गेले, याचे त्यांनी दिलेले उत्तर प्रामाणिक आहे. ल्यूथर ज्या हेतूने मठात शिरला त्याच हेतूने आपण या कामाला लागलो, असे ते म्हणतात. मनातली पोकळी आणि अपराधाची भावना कष्टाच्या सेवेने भरून निघेल अशी त्यांची आशा होती. ती भरली नाही. दुसऱ्यांसाठी राबतानाही आत स्वतःचाच हिशेब चालू आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. आपण निःस्वार्थ झालो का, हे पाहण्यासाठी केलेली सेवा शेवटी स्वतःभोवतीच फिरते.

समाजसेवेच्या प्रमाणपत्रांना प्रवेश-अर्जात किंमत आलेल्या आजच्या काळात हे प्रकरण मुद्दाम वाचावे. सेवा करू नये असे उचिमुरा म्हणत नाहीत. कर्लिन यांच्याविषयी आणि त्या मुलांविषयी त्यांनी आदराने लिहिले आहे. सेवेला स्वतःच्या मनाचे औषध करू नये, एवढेच त्यांचे सांगणे. पाचारण शोधणाऱ्याला पहिला धडा मिळाला तो असा, नकारातून.

६. ॲमहर्स्ट : मुळे उपटून पाहणारा मुलगा

१८८५ च्या सप्टेंबरमध्ये उचिमुरा ॲमहर्स्टला आले. क्योतो येथे दोशिशा ही शिक्षणसंस्था स्थापन करणारे नीजिमा जो हे स्वतः ॲमहर्स्टचे पदवीधर. त्यांच्या शिफारशीमुळे हा मार्ग खुला झाला. अध्यक्ष ज्युलियस सीली यांनी उचिमुरांना वसतिगृहात खोली दिली. खिशात पैसे नव्हते आणि सुटीत इतर विद्यार्थी घरी गेले, की हे एकटेच मागे राहत.

या प्रकरणातील प्राध्यापकांची चित्रे सुरेख आहेत. इतिहासाच्या प्राध्यापकांच्या शिकवण्यातून जगाच्या वाटचालीत प्रत्येक राष्ट्राला, म्हणजे जपानलाही, काही काम नेमून दिलेले असावे हा विचार त्यांच्या मनात रुजला. पण निर्णायक ठरले ते सीली. उचिमुरांनी पुढे सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. सीली त्यांना म्हणाले, की तू सतत स्वतःच्या आतच पाहतोस. कुंडीत रोप लावून ते वाढले का हे बघण्यासाठी रोज मुळासकट उपटणाऱ्या मुलासारखे तुझे चालले आहे. आत पाहणे सोड आणि वधस्तंभावरच्या तारणाऱ्याकडे पाहा.

१८८६ च्या ८ मार्चची नोंद याच काळातली. आपल्या पापांचे ओझे ख्रिस्ताने आधीच वाहिले आहे, ते आपण फेडत बसण्याची गरज नाही, असा तिचा आशय आहे. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी ज्याला ते खरे परिवर्तन मानतात, ते इथे घडले. इथे देवाने त्यांना ‘अमुक काम कर’ असे सांगितले नाही, हे नोंदवून ठेवा. कोणता व्यवसाय, कोणते गाव, कोणते पद, या कशाचाही उल्लेख नाही. प्रयोजनाचा शोध संपला तो उत्तर मिळाल्याने संपला नाही. ‘मी पुरेसा आहे का?’ हा त्याच्या आतला प्रश्न सुटल्याने संपला. हे ओझे उतरल्यानंतर ‘मी काय करू?’ हा प्रश्न साधा आणि व्यवहाराचा झाला.

इथे एक शंका रास्त आहे. एका नोंदीवर इतका भार टाकावा का? भाष्य वाचताना वाटते, की ८ मार्चनंतर सारे स्थिर झाले. नोंदी वेगळे सांगतात. एकटेपणा परत येतो. पुढे हार्टफर्डमध्ये झोप उडते आणि प्रकृती ढासळते. लॉगबुकचा फायदा इथे दिसतो : लेखकाच्या निष्कर्षापेक्षा लेखकाचेच रीडिंग अधिक खरे बोलते. पाचारणाची खात्री म्हणजे मनाची कायमची प्रसन्नता, असा समज कोणी या पुस्तकावरून करून घेऊ नये. खोलीवर एकटे बसून, ‘मला अजूनही उदास वाटते, म्हणजे मी चुकीच्या जागी आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याने तर मुळीच नाही.

७. हार्टफर्ड : पाचारण म्हणजे नोकरी नव्हे

ॲमहर्स्टनंतर उचिमुरा धर्मशास्त्र शिकायला गेले, तेही मनात एक अट घालून : शिकेन, पण पाळकाचा परवाना घेणार नाही. सामुराई घरात पुरोहिताच्या पेशाला मान नव्हता. शिवाय देवाच्या वचनावर पगार घ्यावा हे त्यांना पटत नव्हते. हार्टफर्डमध्ये कोणत्या मंडळीत किती वेतन मिळेल अशा चर्चा कानी पडल्या, तेव्हा त्यांचा हा संकोच पक्का झाला.

याच सुमारास मिशनच्या सभांमध्ये त्यांना बोलावणी येत. धर्मांतरित ‘परधर्मीय’ व्यासपीठावर उभा करायचा, त्याने आपल्या देशी पोशाखात चार शब्द बोलायचे आणि देणग्या गोळा करायच्या, असा तो प्रकार. सर्कशीतल्या माणसाळवलेल्या गेंड्याशी स्वतःची तुलना करून उचिमुरांनी त्यावर बोचरे लिहिले आहे. पाहुणा म्हणून टाळ्या मिळतात, पण माणूस म्हणून ऐकून घेतले जात नाही. परदेशातल्या ‘इंटरनॅशनल नाइट’ला झब्बा घालून उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ही भावना ओळखीची वाटेल.

इथे तिसरी गाठ सुटते. पाचारण आहे, पण त्यासाठी ठरलेले पद नाही. उचिमुरा परतले तेव्हा त्यांच्याजवळ धर्मशास्त्राची पदवी नव्हती, मिशनची नेमणूक नव्हती आणि नोकरीही नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘प्लेसमेंट’ शून्य. पुस्तक घरी परतण्यापाशी थांबते. पुढे काय करणार, हे ते सांगत नाही. काही वाचकांना हा शेवट अपुरा वाटतो. मला तो पुस्तकाच्या पद्धतीला धरून वाटतो, कारण पुढचे रीडिंग अजून घेतलेलेच नव्हते.

ते पुढे आयुष्याने घेतले. १८९१ च्या जानेवारीत टोकियोच्या शाळेत शिकवत असताना सम्राटाच्या शिक्षणविषयक आज्ञापत्रावरील सहीपुढे पुरेसे वाकले नाहीत, या कारणावरून देशभर गदारोळ झाला आणि त्यांची नोकरी गेली. १९०० मध्ये त्यांनी बायबलच्या अभ्यासाला वाहिलेले मासिक काढले आणि ते मृत्यूपर्यंत चालवले. परवाना, पाळक आणि इमारत यांवाचून चालणारी ‘मुक्योकाई’ ही चळवळ त्यांच्याच विचारातून उभी राहिली. हार्टफर्डमध्ये घातलेल्या अटीचा अर्थ असा पंधरा-वीस वर्षांनी स्पष्ट झाला.

८. ग्रंथाच्या मर्यादा

पहिली मर्यादा मौनाची. उचिमुरांचे लग्न १८८४ च्या मार्चमध्ये झाले आणि काही महिन्यांतच मोडले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते अमेरिकेला निघाले. पुस्तकात मनातल्या पोकळीबद्दल पुष्कळ आहे, पण या घटनेबद्दल नाही. खाजगी गोष्ट झाकण्याचा लेखकाचा हक्क मान्य केला, तरी वाचकाचे नुकसान होतेच. अमेरिकेला जाण्यामागे ज्ञानाची ओढ किती आणि घरातून दूर पळण्याची गरज किती, याचा हिशेब लागत नाही. ज्या स्त्रीचे आयुष्य त्यात विस्कटले तिला पुस्तकात जागाच नाही. लॉगबुकातले एक पान फाडलेले आहे, हे आपण जाणून वाचले पाहिजे.

दुसरी मर्यादा वाचकवर्गाची. गेंडा म्हणून मिरवायला नकार देणारा लेखक शेवटी इंग्रजीत, पाश्चात्त्य वाचकांसाठी, काहीशा मिश्कील सुरात स्वतःला ‘परधर्मीय’ म्हणवून घेत लिहितो. हा विरोधाभास त्याला जाणवत असावा, कारण उपरोध सतत पेरलेला आहे. तरीही काही प्रसंग समोरच्या श्रोत्यांना हसवण्यासाठी रचल्यासारखे वाटतात.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर. येशू आणि जपान या दोन नावांवर आपली निष्ठा आहे, असे उचिमुरा नेहमी म्हणत. देशावरचे प्रेम आणि देवाचे पाचारण इथे इतके जवळ येतात, की त्यांच्यात भांडण झाले तर काय, हा प्रश्न पुस्तकात येतच नाही. तो लगेच समोर आला. १८९४ मध्ये चीन-जपान युद्ध सुरू झाले, तेव्हा उचिमुरांनी ते न्याय्य असल्याचे इंग्रजीत लिहिले. नंतर त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला आणि १९०३ मध्ये रशियाविरुद्धच्या युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. म्हणजे पुस्तकातली राष्ट्राच्या नेमून दिलेल्या कामाची कल्पना अजून परीक्षेला बसायची होती. ‘परत जाऊन देशासाठी काहीतरी करायचे’ हे वाक्य आपणही सहज लिहितो. देश चुकत असेल तेव्हा त्याच्यासाठी काय करायचे, हे त्या वाक्यात नसते.

९. दोन तुलना

उचिमुरांबरोबर बाप्तिस्मा घेतलेले हिरोई इसामी यांनी वेगळी वाट धरली. आधी त्यांच्याही मनात प्रचारक होण्याचा विचार होता. पण गरीब देशात लोकांच्या पोटाला अन्न न देता नुसता धर्म सांगून फारसे साधत नाही, असे म्हणून ते अभियांत्रिकीकडे वळले. अमेरिकेत त्यांनी मिसिसिपी नदीच्या कामावर नोकरी केली आणि प्लेट गर्डर पुलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. परतल्यावर १८९७ ते १९०८ या काळात त्यांनी होक्काइदोतील ओतारू बंदराचा उत्तर लाटरोधक बांध उभारला. त्याची लांबी सुमारे १३०० मीटर. समुद्राच्या पाण्यात काँक्रीट किती टिकेल हे कळावे म्हणून त्यांनी सिमेंटच्या हजारो नमुना-विटा करून ठेवल्या. त्यांची चाचणी त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिली आणि शंभर वर्षांच्या पुढे गेली. आपल्या हयातीत निकाल लागणार नाही अशा प्रयोगाची काळजीपूर्वक सुरुवात करून देणे हेही पाचारणाला दिलेले उत्तरच आहे. १९२८ मध्ये हिरोईंच्या अंत्यविधीत उचिमुरांनी श्रद्धांजली वाहिली आणि ही वाट आपल्या वाटेपेक्षा कमी नाही हे त्यात मान्य केले. त्यांच्या आत्मकथनात मात्र व्यवसायातून होणाऱ्या पाचारणाला फार थोडी जागा आहे. ही उणीव हिरोईंचे आयुष्य भरून काढते.

दुसरी तुलना मराठी वाचकाला सुचल्यावाचून राहणार नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो इरादा बाजूला ठेवावा लागला. म्हणजे निघतानाचे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ तिथेच संपले. वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्या चेल्टनम लेडीज कॉलेजमध्ये शिकू-शिकवू लागल्या. तिथल्या धर्मभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात, आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हाती सोपवणार नाही, हा त्यांचा सूर स्पष्ट दिसतो. उचिमुरांच्या गेंड्याच्या उपमेमागे हाच स्वाभिमान आहे. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या. हा समारंभ उचिमुरांच्या त्या नोंदीनंतर तीनच दिवसांनी, ११ मार्चला झाला. आनंदीबाई हिंदू राहूनच डॉक्टर झाल्या होत्या. एकाच आठवड्यात, एकाच देशात, आशियातून आलेले हे विद्यार्थी ‘मी इथे कशासाठी?’ याची तीन वेगवेगळी उत्तरे जगत होते.

रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हा बदल त्यांच्यात घडला तो भारतात परतल्यावर, शारदा सदनाचे काम सुरू झाल्यानंतर. उचिमुरांचे परिवर्तन परदेशात झाले, रमाबाईंचे स्वदेशात. तेव्हा परदेश हे पाचारणाचे कारण मानता येत नाही. परदेश फार तर आपल्या नेहमीच्या आधारांना दूर करतो आणि मग जे उरते त्याकडे पाहावे लागते.

१०. समारोप

या पुस्तकाकडे मार्गदर्शिका म्हणून पाहू नये. त्यातला लेखक अनेकदा एकांगी आहे, एका मोठ्या दुःखाबद्दल गप्प आहे आणि राष्ट्राबद्दल भाबडा आहे. तरीही ते वाचावे, कारण शोध चालू असताना माणूस कसा दिसतो हे ते दाखवते. उचिमुरा निघाले एका पवित्र देशाच्या शोधात आणि तसा देश नाही हे कळल्यावरही थांबले. सेवेतून मनःशांती मागितली, ती मिळाली नाही. धर्मशास्त्रातून पेशा घडवता आला असता, तो त्यांनी नाकारला. हातात उरला तो एक विश्वास आणि परतीचा प्रवास. आयुष्यभराचे काम त्यातूनच उभे राहिले.

प्रवेश-अर्जासाठी प्रयोजनाचे निवेदन लिहावे लागते, ते जरूर लिहा. ते अर्जाला जोडायचे कागदपत्र आहे, हे मात्र विसरू नका. त्यासोबत एक साधी वही ठेवा, तारीख घालून लिहा आणि मागची पाने दुरुस्त करू नका.

विचारासाठी प्रश्न

१. ‘निवड’ आणि ‘पाचारण’ या कल्पनांतील फरक उचिमुरांच्या अमेरिकेतील तीन टप्प्यांच्या आधारे स्पष्ट करा.

२. रोजनिशीतील नोंद आणि नंतरचे भाष्य शेजारी ठेवल्याने आत्मकथनाची विश्वासार्हता वाढते का? आपल्या भाषेतील एखाद्या आत्मचरित्राशी तुलना करून लिहा.

३. लेखकाने स्वतःच्या आयुष्यातील महत्त्वाची घटना वगळली असेल, तर समीक्षकाने ती विचारात घ्यावी का? आपले मत कारणांसह मांडा.

४. हिरोई इसामी यांचे बंदराचे काम ‘पाचारण’ या संज्ञेत बसते का? आपल्या अभ्यासशाखेतील एखादे उदाहरण घेऊन चर्चा करा.